मिंट की उबुंटू? आधी पंखा उघडून बघा

विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे किमान आठव्या पिढीचा लागतो. त्यामुळे गोव्यातल्या सुर्ला, पाळी, वेळगे, कुडणे या पट्ट्यातले आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले बरेचसे लॅपटॉप एका दिवसात कालबाह्य ठरले. वर्षभराची वाढीव सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, पण तिने दुखणं फक्त पुढे ढकललं जातं. मग कोणीतरी लिनक्सचं नाव काढतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ह्या मशिनीचेर खंयचें लिनक्स चड धांवतलें?"

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार अवताराच्या, नावात शोधायला गेलात की गाडी भलत्या रस्त्याला लागते. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा, एमएक्स या सगळ्यांच्या पोटात लिनक्सचं तेच कर्नल असतं, फक्त आवृत्ती पुढेमागे. लिब्रेऑफिस तेच, फायरफॉक्स तोच. फरक पडतो तो डेस्कटॉपचा, मागे गुपचूप चालणाऱ्या सेवांचा, कर्नल किती ताजं आहे याचा आणि प्रोग्रॅम कुठल्या पद्धतीने बांधून दिले आहेत याचा. यातलं बरंचसं एकाच डिस्ट्रोत राहून बदलता येतं. उबुंटूवर ग्नोम डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई घातलं तर जो फरक जाणवेल, तो उबुंटूवरून डेबियनवर जाऊन तोच ग्नोम ठेवल्याने जाणवणार नाही. म्हणून तुलना करायची तर करा, पण ती आपल्या मशीनवर, आपल्या कामावर आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून.

त्याआधी मशीन तुलनेच्या लायकीचं आहे का, ते बघायला हवं. आमच्या भागातल्या मशिनींना एक खास दुखणं असतं. मांडवीच्या काठी बार्जमध्ये चढवायचा खनिज माल वर्षानुवर्षं इथल्याच रस्त्यांवरून ट्रकांनी गेला. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, 2024 मध्ये डिचोलीच्या ब्लॉकात काम परत सुरू झालं. लाल धूळ मात्र मधल्या काळातही घराबाहेर गेली नाही. लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं तर पंखा बहुधा स्वच्छच दिसतो, आणि इथेच लोक फसतात. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचला. तांब्याच्या नळीच्या टोकाला ज्या बारीक पात्या असतात, त्यांच्या तोंडाशी लालसर-करडा, जुन्या कांबळ्याच्या तुकड्यासारखा थर बसलेला असतो. बाहेरून हवेचा फवारा मारला तर तो आणखी आत दाबला जातो. चिमट्याने धरला तर अख्खा पट्टा निघून येतो. हे करण्याआधी बॅटरीची वायर सोडवून ठेवायची, आणि ब्लोअर वापरणार असाल तर पंखा बोटाने अडवून धरायचा, मोकाट फिरू द्यायचा नाही. मशीन पाच-सहा वर्षांत उघडलंच नसेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही पुसून नवी लावावी.

वेगाच्या लेखात साफसफाई कशाला, असं वाटेल. पण बहुतेक लॅपटॉपचे प्रोसेसर 95 ते 100 अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की जीव वाचवायला स्वतःचा वेग खाली आणतात. पात्या तुंबलेल्या असतील तर हे दोन-चार मिनिटांच्या कामातच होतं. अशा मशीनवर सकाळी गार असताना मिंट तपासलं आणि मे महिन्यातल्या दुपारी फेडोरा तपासलं, तर फेडोरा हरणारच, आणि त्यात फेडोराचा काडीचा दोष नसेल. एलएम-सेन्सर्स नावाचं छोटं पॅकेज बसवलं की टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' एवढं टाइप करून तापमान दिसतं. चाचणी चालू असताना ते शेजारच्या खिडकीत उघडं ठेवा. आकडा नव्वदीच्या पुढे जात असेल तर डिस्ट्रोची तुलना तिथेच थांबवा आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या.

दुसरी तपासणी डिस्कची. 'एलएसबीएलके' या आज्ञेला रोटा हा रकाना मागितला की समोर 1 किंवा 0 येतो. 1 म्हणजे फिरती हार्ड डिस्क. फिरत्या डिस्कचं डोकं इकडून तिकडे सरकायला काही मिलिसेकंद घेतं, म्हणून विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना तिची मजल सेकंदाला शंभर-दीडशे वाचनांच्या आसपास संपते. साधी साटा एसएसडी तेच काम हजारोंत मोजते. मशीन चालू करणं, फायरफॉक्स उघडणं, लिब्रेऑफिस उघडणं ही सगळी कामं अशाच विखुरलेल्या वाचनाची असतात. त्यामुळे चार जीबी रॅम आणि फिरती डिस्क असलेल्या लॅपटॉपवर एसएसडी घातल्याने जो फरक पडतो, तो जगातल्या कुठल्याही दोन डिस्ट्रोंमध्ये सापडणार नाही. हे माझं ठाम मत आहे. खर्च करायचाच तर पहिला पैसा तिथे. डिस्कची तब्येत बघायला 'स्मार्टसीटीएल' आहे. त्यात रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्याच्या वर सरकलेला दिसला, तर तुलना राहू द्या, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या.

जुन्या मशीनवर लिनक्स चालवण्याचा प्रयोग गोव्याला नवा नाही. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशस्थ गोमंतकीयांच्या 'गोवा सुधारोप' या संस्थेच्या पुढाकाराने वापरलेले संगणक इथल्या शाळांत आले आणि त्यांवर लिनक्स चढलं. त्याच दशकात सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले. शाळांसाठी त्या काळी एलटीएसपी ही युक्ती होती: खोलीत एकच दमदार मशीन ठेवायचं, सगळे प्रोग्रॅम त्यावर चालवायचे, आणि बाकीच्या अशक्त मशिनींना फक्त पडदा आणि कळफलक म्हणून वापरायचं. डिस्ट्रो कुठलीही असो, वेग मिळत होता तो भार कुणाच्या डोक्यावर ठेवला यातून. आजही हेच बघायचं आहे. फरक एवढाच की आज भार टाकणारा मुख्य इसम म्हणजे ब्राउझर.

आता रॅम. डेस्कटॉप नुसता उघडून काहीही न करता बसलात, तर ग्नोम साधारण एक ते दीड जीबी घेतो, एक्सएफसीई त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि अँटीएक्ससारखी आइसडब्ल्यूएम वापरणारी डिस्ट्रो दोन-तीनशे एमबीत भागवते. पडद्यावरच्या याच आकड्यावरून लोक निकाल लावून मोकळे होतात. दोन कारणांनी ते चुकीचं आहे. पहिलं, लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेलं ते तिथे धरून ठेवतं आणि गरज पडली की सोडून देतं. म्हणून 'फ्री -एच' या आज्ञेत बघायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. या 'फ्री'च्या चौथ्या आवृत्तीपासून 'यूज्ड' मोजण्याची रीतच बदलली. उबुंटू 22.04 मध्ये जुनी रीत, डेबियन 12 मध्ये नवी. दोन्हीकडे तेच प्रोग्रॅम तेवढीच रॅम खात असले, तरी 'यूज्ड'चे आकडे वेगळे दिसतील आणि त्यावरून वाद घालणारे दोघेही प्रामाणिक असतील.

शिवाय रिकाम्या डेस्कटॉपकडे बघत कोणी बसत नाही. चार टॅब उघडले, त्यात एक मेलचा आणि एक बँकेचा, की ब्राउझर एकटाच जीबीच्या पुढे जातो आणि हलक्या डेस्कटॉपने वाचवलेले पाचशे-सातशे एमबी तिथे विरून जातात. दोन जीबीच्या मशीनवर ते पाचशे-सातशे एमबी जीवनमरणाचे असतात, चार जीबीवर उपयोगाचे, आठ जीबीवर त्यांचा विचारही करू नका. चार जीबीच्या आसपास आणखी एक गोष्ट खूप कामाची आहे: झेडरॅम. रॅममधलाच एक भाग दाबून-आवळून स्वॅप म्हणून वापरण्याची ही सोय फेडोराने 33 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, मुळातच चालू ठेवली आहे. डेबियनवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घालून ती मिळते. फेडोरा चार जीबीवर कमी गुदमरते असं कोणी सांगितलं, तर त्यामागे बहुधा हीच सोय असते, आणि ती डेबियनवर पाच मिनिटांत उचलून नेता येते.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष तुलनेला बसा. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वेग ठरवू नका. तिथे सगळं दाबलेल्या फायलीतून वाचलं जातं, आणि जुना यूएसबी 2.0 पोर्ट सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या वर फारसा जात नाही. लाइव्हवर फक्त वायफाय, आवाज, टचपॅड आणि झोपवून उठवणं चालतं का ते बघा. तेवढ्यासाठी ते उत्तम आहे. फिरत्या डिस्कवर दोन पार्टिशन पाडून शेजारीशेजारी दोन डिस्ट्रो घालणंही अन्यायाचं ठरतं. चकतीच्या बाहेरच्या कडेचे ट्रॅक आतल्यांपेक्षा बरेच जलद वाचले जातात, सलग वाचनात जवळपास दुपटीपर्यंत. पार्टिशन बहुधा बाहेरून आत भरत जातात, म्हणजे दुसरी डिस्ट्रो आधीच हरलेली असते. फिरती डिस्क असेल तर एकाच पार्टिशनवर एक पुसून दुसरी घाला. वेळखाऊ आहे, पण निकाल तरी खरा मिळतो.

इन्स्टॉल झाल्या झाल्या घड्याळ लावू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक डिस्ट्रो आपापलं घर लावत असते: अपडेट उतरवते, फायलींची सूची करते (ग्नोममध्ये ट्रॅकर, केडीईमध्ये बालू), उबुंटू असेल तर स्नॅप पॅकेजं ताजी करते. अपडेट पुरे करा, मशीन तासभर तसंच चालू ठेवा, मग रीस्टार्ट करा. चार्जर लावलेला असू द्या, कारण बॅटरीवर आणि चार्जरवर प्रोसेसरची वागणूक वेगळी असू शकते. पॉवर मोड दोन्ही डिस्ट्रोंत सारखाच ठेवा.

कामं स्वतःची निवडा. सुर्ल्यातल्या एखाद्या घरात मशीन खरंच कशाला लागतं? फॉर्म एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचा, स्कॅन केलेला पीडीएफ उघडायला, मुलाच्या प्रोजेक्टचं तीस-चाळीस पानी मराठी दस्तऐवज लिब्रेऑफिसमध्ये उघडून पीडीएफ करायला, भजनी मंडळाची वर्गणी एक्सेलच्या फायलीत मांडायला, आणि संध्याकाळी यूट्यूबला. मग हीच चाचणी. बटण दाबल्यापासून फायरफॉक्समध्ये पहिलं पान पूर्ण दिसेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या घड्याळाने मोजा. तेच दस्तऐवज पहिल्यांदा उघडायला किती आणि बंद करून पुन्हा उघडायला किती, हे वेगवेगळं लिहा. पहिल्यात डिस्क बोलते, दुसऱ्यात रॅम. प्रत्येक गोष्ट पाच वेळा करा आणि मधला आकडा घ्या, सरासरी नको. एखाद्या वेळी मागे अपडेट चालू झालं की सरासरी बिघडते.

चालू होण्याच्या वेळेसाठी 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ' ही आज्ञा चांगली आहे. ती फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि त्यानंतरच्या सेवा असा हिशेब फोडून देते. फर्मवेअरचे आठ-दहा सेकंद लॅपटॉप कंपनीचे असतात, ते डिस्ट्रोच्या नावावर मांडू नका. तिच्यापुढे 'ब्लेम' लिहिलं की सेवांची उतरती यादी येते. तिच्या डोक्यावर बऱ्याचदा नेटवर्कची वाट बघणारी सेवा दिसते. ती दिसायला मोठी असली तरी तुमचा डेस्कटॉप तिच्यासाठी थांबलेला असेलच असं नाही. अँटीएक्समध्ये सिस्टमडी नाहीच, तिथे मोबाइलचं घड्याळ हाच उपाय.

मिंट आणि उबुंटूचं उदाहरण इथे नीट बघण्यासारखं आहे. मिंट 21 ही उबुंटू 22.04 च्याच पायावर उभी, मिंट 22 ही 24.04 च्या. पाया एकच, तरी फिरत्या डिस्कवर मिंटमध्ये फायरफॉक्स लवकर उघडतो. कारण असं की 22.04 पासून उबुंटू फायरफॉक्स फक्त स्नॅप म्हणून देते, मिंट साध्या डेब पॅकेजमधून. स्नॅप म्हणजे दाबून बंद केलेली एक प्रतिमा. पहिल्यांदा उघडताना ती जोडायची, उलगडायची, मग प्रोग्रॅम सुरू. उबुंटूने पुढे यात बरीच सुधारणा केली आणि एसएसडीवर फरक जाणवेनासा झाला आहे. तरी "उबुंटू जड, मिंट हलकी" हे वाक्य गावोगाव फिरतं. ब्राउझर उघडण्याच्या बाबतीत त्याचं मूळ बरंचसं या एका पॅकेजात आहे. बाकीचा फरक ग्नोम आणि सिनॅमन या डेस्कटॉपांचा.

यूट्यूबची चाचणी तर हमखास दिशाभूल करते. इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय3 मधला ग्राफिक्सचा भाग एच.264 स्वतः उलगडू शकतो, व्हीपी9 उलगडू शकत नाही. ती सोय पूर्णपणे आली सातव्या पिढीत. यूट्यूब बहुधा व्हीपी9 किंवा एव्ही1 पाठवतं. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा किंचाळतो, आणि माणूस डिस्ट्रो बदलत बसतो. अशा मशीनवर यूट्यूबला एच.264 च द्यायला लावणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन घाला आणि व्हिडिओ 720 वर ठेवा. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की गाळलेल्या फ्रेम्सचा आकडा आणि कोडेकचं नाव दोन्ही दिसतात. फेडोराची गोष्ट थोडी वेगळी: पेटंटच्या अडचणीमुळे ती काही कोडेक सोबत देत नाही, ते आरपीएम फ्यूजनमधून घ्यावे लागतात. ते न घेता फेडोराला व्हिडिओत नापास करणं अन्यायाचं आहे.

कंपायलरच्या करामतींबद्दलही विचारणा होते. काही डिस्ट्रो प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरांच्या सूचना वापरून बांधतात. कॅचीओएस त्यातली आजची गाजलेली. ज्याला एक्स86-64-व्ही3 म्हणतात, त्या पातळीला एव्हीएक्स2 लागतं, आणि ते इंटेलमध्ये 2013 च्या हॅसवेलपासून मिळतं. त्यानंतरच्याही कित्येक पेंटियम-सेलेरॉनमध्ये नाही. 'एलएससीपीयू'च्या फ्लॅग्जमध्ये एव्हीएक्स2 दिसत नसेल तर हा अध्याय तुमच्यासाठी बंद. दिसत असेल तर व्हिडिओ रूपांतर, फायली दाबणं, मोठी गणितं अशा कामांत काही टक्के मिळतात. दस्तऐवज टाइप करताना काहीच कळत नाही. इंटेलची स्वतःची क्लिअर लिनक्स या विद्येत सगळ्यांच्या पुढे होती. फोरॉनिक्स टेस्ट स्युइटच्या मोठ्या मोजमापांत ती वर्षानुवर्षं पहिल्या जागी दिसायची. जुलै 2025 मध्ये इंटेलने ती बंद केली, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसकट. ज्यांनी वेगाचा तक्ता बघून ती घातली होती, त्यांना मशीन पुसून नव्याने सुरुवात करावी लागली.

मराठीकडे तुलना करणारे हमखास दुर्लक्ष करतात. हलक्या डिस्ट्रो हलक्या असतात, कारण त्यांनी बरंच काही घातलेलंच नसतं, आणि त्या न घातलेल्यांत आपली लिपी असू शकते. पान उघडलं आणि अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसले, की फॉन्ट नाहीत. डेबियनच्या कुळात फॉन्ट्स-देव हे पॅकेज घातलं की ते येतात. टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक कळफलकांच्या यादीत असतो. बोलल्यासारखं रोमनमधून टाइप करायचं असेल तर आयबस आणि एम17एन घालावं लागतं. हे सगळं घातल्यावर, प्रिंटरची सेवा चालू केल्यावर, मगच रॅम मोजा. उपासाच्या दिवशी वजन करून कोणी बारीक ठरत नाही.

इतकं करूनही कोणीतरी विचारणारच, "तें सगळें सोड, घालूं किदें?" तर माझा सल्ला असा. दोन जीबी किंवा त्याहून कमी रॅम असेल तर अँटीएक्स, आणि ब्राउझरकडून फार अपेक्षा नको. प्रोसेसर 32 बिटचा असेल तर सोडून द्या: डेबियन 13 ने ऑगस्ट 2025 मध्ये 32 बिटचं कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं, फायरफॉक्सनेही 145 व्या आवृत्तीपासून 32 बिट लिनक्सला रामराम केला. चार जीबी असेल तर एसएसडी घाला आणि मिंटची किंवा डेबियनची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, झेडरॅमसह. आठ जीबी आणि एसएसडी असेल तर डोळ्यांना आवडेल ती घ्या; वेगाचा मुद्दा तिथे संपतो. अगदी अलीकडचं मशीन असेल तर ताज्या कर्नलची फेडोरा सरस ठरते, कारण नव्या प्रोसेसरची आणि वायफायची ओळख नव्या कर्नललाच नीट असते. जुनं एनव्हिडिया कार्ड असेल तर उलट: त्याचे जुने ड्रायव्हर नव्या कर्नलवर बसत नाहीत, म्हणून नव्याच्या मागे लागू नका.

आणि निवड पक्की करण्याआधी अपडेटचा खर्च धरा. मिंट 22 ला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, मग पुढच्या आवृत्तीची उडी घ्यावीच लागते. आर्च आणि ओपनसुसे टंबलवीड रोज वाहत असतात. महिनाभर मशीन बंद ठेवून चालू केलं तर मोठा डोंगर उतरवायचा असतो. घरी फायबर असेल तर ठीक. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं चालत असेल, आणि पावसाळ्यात अर्ध्या अपडेटमध्ये वीज जाण्याची सवय असेल, तर डेबियन किंवा मिंट घ्या, टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट काढून ठेवा, आणि एसएसडी घातल्यावर निघालेली जुनी डिस्क धडधाकट असेल तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला लावा.